फितूर साक्षीदार

समन्स घेऊन आलेल्या हवालदाराची गाठ सोसायटीच्या गेटवर आधी शंकरजींशीच पडली. शंकरजी सोसायटीचे सेक्रेटरी. सकाळी ऊन अंगावर घेत गेटजवळ खुर्ची टाकून बसायची त्यांची सवय. त्यांनीच इंटरकॉमवरून रेवतीला खाली बोलावून घेतलं आणि ती कागदावर सही करत असताना आजूबाजूच्या चार लोकांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "बहनजी, बिल्कुल घबराना नहीं. तारीख वाले दिन पूरी सोसायटी आपके साथ चलेगी."

रेवतीनं मान डोलावली. गेले सहा महिने ती अशीच मान डोलावत होती.

खटला तिच्या तक्रारीवर उभा होता. फिर्यादी श्रीमती रेवती विनायक भालेराव, वय एकोणपन्नास, केंद्र सरकारच्या नोकरीत, धर्म हिंदू. आरोपी इंद्रजित तिवडे, ख्रिस्ती मंडळीचा पाळक. त्यानं पैशाचं आणि आजार बरा करण्याचं आमिष दाखवून आपल्याला धर्म बदलायला लावण्याचा प्रयत्न केला, असं रेवतीनं लिहून दिलं होतं. इंद्रजित ऑगस्टपासून तुरुंगात होता. त्याचा जामीन दोनदा फेटाळला गेला होता, आणि दोन्ही वेळा सरकारी वकिलानं पुढे केला होता तो रेवतीचा कागद.

त्या कागदावर खरी म्हणावी अशी गोष्ट एकच होती. तिची सही.

रेवती हिंदू नव्हती. कधीच नव्हती. नगर जिल्ह्यातल्या एका लहानशा गावात तिचे वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते, आणि आजोबांच्या आधीपासून घर ख्रिस्ती होतं. तिचा बाप्तिस्मा झाला तेव्हा ती दोन महिन्यांची होती. पण चोविसाव्या वर्षी नोकरी लागून ती दिल्लीला आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी विचारलं, "भालेराव, महाराष्ट्र से? फिर तो आप लोग गणपति बड़ा धूमधाम से करते होंगे?" आणि रेवती नुसती हसली. तेवढंच. खोटं असं ती काही बोलली नव्हती.

त्या हसण्यावर तिनं पंचवीस वर्षं काढली. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होते तेव्हा, आणि पुढे गाझियाबादला स्वतःचा फ्लॅट घेतल्यावरही. नवरा विनायक दुसऱ्या मंत्रालयात होता. त्याचंही तेच. नाताळला नवी साडी नेसून लिफ्टमध्ये शिरलं आणि कुणी विचारलं तर, "आज लग्नाचा वाढदिवस." पाहुणे यायचे असले की स्वयंपाकघरातलं बायबलच्या वचनांचं कॅलेंडर खिळ्यावरून उतरून कपाटात जायचं. मुलगी कादंबरी पाचवीत असताना एकदा शाळेतून येऊन म्हणाली होती, "मम्मी, मी आज बोलले नाही की आपण ख्रिश्चन आहोत. बरोबर केलं ना?" रेवतीनं तिला जवळ घेतलं होतं, आणि बरोबर की चूक ते सांगितलं नव्हतं.

रविवारची उपासना मात्र ती चुकवत नसे. घरापासून पाच-सहा किलोमीटरवर, एका बॅटरीच्या दुकानाच्या वरच्या हॉलमध्ये मराठी माणसं जमायची. असतील पंचवीस-तीस. कुणी जालन्याचं, कुणी सोलापूरचं, कुणी मिरजेचं. इंद्रजित तिवडे त्यांचा पाळक. आधी तो एका कारखान्यात फिटर होता. ते काम सोडून पूर्णवेळ मंडळीची सेवा करायला लागला होता. आवाज खणखणीत, पेटी बरी वाजवायचा, आणि प्रत्येकाच्या घरचं कोण आजारी आहे ते त्याला तोंडपाठ असायचं. तिथे रेवती मोकळेपणानं गायची. जिना उतरून खाली आली की पदर नीट करायची आणि परत सगळ्यांची भालेराव मॅडम व्हायची.

ऑगस्टातल्या त्या रविवारी दुसरं गीत चालू असताना जिन्यावर पावलं वाजली. वीस-पंचवीस पुरुष आत घुसले. प्रत्येकाच्या हातात मोबाईल, तोंडात घोषणा. कुणीतरी पेटी उचलून भिंतीवर घातली. गीतांची पुस्तकं पायाखाली गेली. इंद्रजित मध्ये उभा राहिला, हात जोडून म्हणत राहिला, "भाईसाहब, बैठिए, बात करते हैं," आणि त्याच्या तोंडावर पहिला ठोसा बसला. त्या घोळक्यात रेवतीला शंकरजी दिसले. शंकरजींनाही ती दिसली. ते क्षणभर गोंधळले, आणि मग त्यांचा चेहरा उजळला. "अरे, ये तो हमारी सोसायटी की बहनजी हैं! इनको भी फँसा रखा है!"

पोलीस आले ते मारणाऱ्यांना सोडून मार खाणाऱ्यांना घेऊन गेले.

चौकीत रेवतीला वेगळं बसवलं. तपास अधिकाऱ्यानं तिचं ओळखपत्र उलटसुलट करून पाहिलं आणि त्याचा सूर एकदम बदलला. चहा मागवला. "मॅडम, आप हिंदू, ऊपर से सरकारी मुलाज़िम. इन लोगों के चक्कर में कैसे पड़ गईं?"

इथे एक वाक्य बोलायचं होतं. ते तिच्या जिभेवर आलंही होतं. बाहेर घोषणा चालूच होत्या आणि दाराच्या फटीतून समोरच्या खोलीत फरशीवर बसवलेली माणसं दिसत होती. रेवतीनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. ती म्हणाली, "ऐसे ही... मराठी बोलने वाले लोग मिल जाते हैं."

"बस, यही तो इनका तरीका है," अधिकारी म्हणाला आणि शेजारच्या कारकुनाला मजकूर सांगू लागला.

विनायक तासाभरानं धावतपळत आला. त्या रविवारी तो सर्दीमुळे घरी राहिला होता. त्यानं कागद वाचला. मग तिच्याकडे न बघता मराठीत म्हणाला, "सही कर आणि घरी चल."

तिनं सही केली. बाहेर पडताना इंद्रजितच्या समोरून जावं लागलं. त्याचा ओठ फाटला होता आणि शर्टावर पुढे रक्ताचे डाग वाळले होते. ती काय करून आली आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं. "ताई," तो हळूच म्हणाला, "माझा फोन घेतलाय यांनी. घरी पोचलात की क्षिप्राला एक फोन करा. मी इथे आहे म्हणावं."

क्षिप्रा त्याची बायको. त्या दिवशी ती तापानं घरीच होती.

रेवतीनं फोन केला नाही. संध्याकाळी क्षिप्राचाच फोन आला, तो तिनं वाजू दिला आणि मग मोबाईल बंद करून ठेवला.

त्यानंतर रेवती सोसायटीत मोठी झाली. माणसं लिफ्टमध्ये तिला आधी आत शिरू द्यायची. दिवाळीच्या कार्यक्रमात शंकरजींनी तिला स्टेजवर बोलावून शाल घातली. "ऐसी हिम्मतवाली महिला हमारे बीच में है," असं माइकवर सांगितलं, आणि टाळ्या वाजल्या. विनायक पहिल्या रांगेत बसला होता. तोही टाळ्या वाजवत होता, कारण न वाजवून चालण्यासारखं नव्हतं. घरी आल्यावर तिनं शाल प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि माळ्यावर टाकली. प्रार्थना तिला येईनाशी झाली होती. डोळे मिटले की फाटलेला ओठ दिसायचा.

दुसऱ्यांदा जामीन फेटाळल्याचं कळलं तेव्हा जानेवारी चालू होता. रेवती अर्ध्या दिवसाची रजा टाकून क्षिप्राकडे गेली. एका खोलीचं घर. आत दोन शिलाई मशिनं आणि उशांच्या अभ्र्यांचे गठ्ठे. गळ्यात टेप अडकवलेली क्षिप्रा दारातच उभी राहिली.

"आत या म्हणणार नाही मी."

"माफी मागायला आलेय, क्षिप्रा."

"कशाची? तोंडानं सांगा की."

"मी खोट्या कागदावर सही केली."

"ते अख्ख्या मंडळीला माहीत आहे. आणखी?"

"पाळकसाहेबांनी मला तुला फोन करायला सांगितलं होतं. चौकीतून निघताना. मी केला नाही."

हे क्षिप्राला ठाऊक नव्हतं. तिचा हात चौकटीवर गेला. "मी त्या दिवशी अंगात ताप घेऊन तीन चौक्या फिरले," ती म्हणाली. "लोक सांगत होते, फार मारलंय. दोन हॉस्पिटलं बघितली. दुसऱ्या हॉस्पिटलात एक जण म्हणाला, बेवारस आलेला एक माणूस आहे, ओळखता का बघा. मी शवागारात जाऊन चादर उचलून बघितली, रेवतीताई. दुसऱ्याच कुणाचा तरी नवरा होता तो."

रेवती रडायला लागली.

"हे इथे नको," क्षिप्रा म्हणाली. तिच्या आवाजात जराही ओल नव्हती. "तुम्ही इथे रडाल, हलक्या होऊन घरी जाल. ते तिकडे तुरुंगातच राहतील. तुमची माफी घेऊन मी काय करू? बोलायचं असेल तर कोर्टात बोला."

दार लागलं. रेवती जिन्यात थोडा वेळ उभी राहिली. मशीन चालू झाल्याचा आवाज आला तेव्हा खाली उतरली.

आठवडाभरानं समन्स आलं. इंद्रजितची वकील रुचिता म्हणून एक तरुण मुलगी होती. रेवतीनं तिचा नंबर मिळवून फोन लावला. रुचितानं तिला पुढे बोलूच दिलं नाही. "आप सरकार की गवाह हैं. मैं आपसे बात करूँगी तो कल कहेंगे, हमने आपको सिखाया. एक ही सलाह दे सकती हूँ. अपने लिए अलग वकील देख लीजिए. झूठी शिकायत देना भी जुर्म है."

त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर तिनं विनायकला सांगितलं, "मी खरं सांगणार आहे."

विनायकनं टीव्हीचा आवाज वाढवला. भिंतीपलीकडे ऐकू जाऊ नये म्हणून. "तुला कळतंय का तू काय बोलतेस? नोकरी जाईल. केस तुझ्यावर उलटेल. या बिल्डिंगमध्ये राहायचंय आपल्याला. कादंबरी कॉलेजमधून एकटी येते, लिफ्टमध्ये कोण असतं कोण नसतं."

"माहीत आहे."

"आणि सही कर असं मीच म्हणालो होतो. ते पण सांगणार?"

"विचारलं तर सांगेन. नाही विचारलं तर तुमचं नाव काढणार नाही."

"इतकी वर्षं आपण कुणाच्या अध्यात नव्हतो, मध्यात नव्हतो. घरात प्रार्थना केली, कुणाला त्रास दिला नाही. काय चुकलं त्यात?"

"अहो, आपण गप्प बसलो म्हणून तर चौकीतल्या त्या अधिकाऱ्याला मला हिंदू लिहिता आलं," रेवती म्हणाली. "त्यानं माझा धर्म स्वतःच्या मनानं लिहिला, आणि त्याला खोटं ठरवेल असं आपल्या आयुष्यात काहीच नव्हतं. शेजारी, ऑफिस, कुणालाही विचारलं असतं तरी त्यांनी तेच सांगितलं असतं."

विनायक उठून बाल्कनीत गेला. कादंबरी दारात उभी राहून ऐकत होती. एकोणीस वर्षांची पोर. मराठी बोलताना मध्येच अडखळायची. "मम्मी, साक्ष म्हणजे गवाही ना? कोर्टवाली?"

"हो."

"आपल्या उपासनेत लोक उठून सांगतात, प्रभूनं माझ्यासाठी हे केलं, ते केलं. त्याला पण साक्षच बोलतात ना? तू तर तिथे पण कधी दिली नाहीस."

"नाही दिली."

"डर नाही लागत?"

"लागतो गं."

कादंबरी तिच्या शेजारी येऊन बसली.

तारखेच्या दिवशी गेटवर तीन गाड्या तयार होत्या. रेवती मागच्या फाटकानं निघाली आणि रिक्षानं एकटीच कोर्टात पोचली. विनायक सकाळी ऑफिसला निघून गेला होता. पर्समध्ये तिनं एक जुना कागद ठेवला होता. भावाकडून कुरियरनं मागवलेला.

व्हरांडा माणसांनी भरलेला होता. शंकरजी पुढे झाले. "अरे बहनजी, अकेली क्यों आ गईं? हम तो राह देख रहे थे." कुणीतरी तिच्या कपाळाला टिळा लावायला हात पुढे केला. रेवती मागे सरकली आणि म्हणाली, "नहीं." त्या एका शब्दानं शंकरजींचे डोळे बारीक झाले.

आत इंद्रजित आरोपीच्या जागी उभा होता. हडकला होता. गालफडं बसली होती, दाढी पिकली होती. शेजारी हवालदार त्याचा हात धरून उभा. मागच्या बाकावर क्षिप्रा होती. तिनं रेवतीकडे पाहिलं नाही.

शपथ झाली. सरकारी वकिलानं कागद पुढे केला. "ये दस्तख़त आपके हैं?"

"जी. मेरे हैं."

"तो अदालत को अपने शब्दों में बताइए, उस दिन क्या हुआ था."

रेवतीनं कठडा धरला. "दस्तख़त मेरे हैं. जो लिखा है वो मेरा नहीं है. वो सच नहीं है."

मागे कुजबुज झाली. वकील हसल्यासारखं करून म्हणाला, "मॅडम, घबराइए मत. किसी ने डराया है तो बताइए."

"मुझे किसी ने धर्म बदलने को नहीं कहा. पाळकसाहब ने पैसे नहीं दिए, कुछ देने को भी नहीं कहा. बदलने का सवाल ही नहीं था." तिनं श्वास घेतला. "मैं जन्म से ईसाई हूँ. मेरे पिता ईसाई थे, दादा भी."

मागून कुणीतरी शिवी दिली. न्यायाधीशांनी मान वर करून शिपायाला त्या माणसाला बाहेर काढायला सांगितलं.

सरकारी वकिलाचा चेहरा लाल झाला होता. साक्षीदार फितूर झाली आहे, तेव्हा तिची उलटतपासणी घेण्याची परवानगी मिळावी, असं त्यानं कोर्टाला सांगितलं. परवानगी मिळाली. मग तो तिच्यावर तुटून पडला.

"कितने में बिकी हैं आप?"

रुचिता हरकत घ्यायला उठली. न्यायाधीशांनी प्रश्न गाळायला सांगितला.

"पच्चीस साल से आपके दफ़्तर में, सोसायटी में, सब आपको हिंदू जानते हैं. सब झूठे हैं?"

"वो झूठे नहीं हैं. मैंने कभी बताया नहीं."

"नौकरी किस कोटे में ली थी? वहाँ भी धर्म छुपाया था?"

"जनरल में." वडिलांची आठवण आली तसा तिचा आवाज थोडा सावरला. "मेरे पिताजी मास्टर थे. लोगों ने उनसे कहा था, सर्टिफ़िकेट में हिंदू लिखवा लो, कोटे से लड़की को जल्दी नौकरी मिलेगी. उन्होंने नहीं लिखवाया. फ़ॉर्म में ईसाई ही लिखा है. देख लीजिए."

"कोई सबूत?"

तिनं पर्समधून बाप्तिस्म्याचा दाखला काढला. मराठीत लिहिलेला, घडीवर फाटलेला, मंडळीचा शिक्का पुसट झालेला. न्यायाधीशांनी तो चष्मा लावून पाहिला. देवनागरी असल्यानं त्यांना नाव आणि तारीख वाचता आली. त्यांनी दाखला दाखल करून घ्यायला सांगितलं, मग लेखणी खाली ठेवून स्वतःच विचारलं, "आपने झूठी शिकायत पर दस्तख़त क्यों किए? एक आदमी छह महीने से जेल में है."

"डर गई थी, सर."

"आप जानती हैं, इसके लिए आप पर मुक़दमा चल सकता है?"

"जानती हूँ."

"और अब डर नहीं लगता?"

"लगता है," रेवती म्हणाली. "अभी भी लग रहा है. हाथ देखिए मेरे." तिनं कठड्यावरचे हात उचलून पुढे धरले. "पर मैं प्रभु यीशु को मानती हूँ, और ये मैं यहाँ नहीं बोली तो फिर कहीं नहीं बोल पाऊँगी."

तिनं इंद्रजितकडे बघायचं टाळलं होतं. आता बघितलं. तो मान खाली घालून उभा होता, आणि त्याचे खांदे हलत होते.

बाहेर येताच व्हरांडा तिच्या अंगावर आला. कुणीतरी वेणी धरून ओढली. एक बाई, रोज लिफ्टमध्ये भेटणारी, दिवाळीला फराळाचं ताट घेऊन आलेली, तिच्या तोंडावर थुंकली. "गद्दार! हमारे घर का खाया और हमें ही उल्लू बनाया!" एक थप्पड कानावर बसली आणि कानात घंटा वाजायला लागली. रुचितानं तिला दंडाला धरून वकिलांच्या खोलीत ढकललं आणि दाराला कडी घातली. दोन पोलीस चार पावलांवर उभे राहून बघत होते.

पुढचे दिवस सोपे गेले असं म्हणता येणार नाही. सोसायटीच्या ग्रुपमधून भालेरावांना काढलं गेलं. कामवाली येईनाशी झाली. तिला इतर घरांतून सांगण्यात आलं होतं. एका सकाळी दाराला चपलांचा हार लटकत होता. ऑफिसात विभागप्रमुखांनी बोलावून चौकशी होईपर्यंत निलंबनाचं पत्र हातात ठेवलं आणि वर म्हणाले, "इतने साल साथ खाना खाया, एक बार बता तो देतीं." खोटी तक्रार दिल्याबद्दल तुमच्यावर कारवाई का करू नये, अशी कोर्टाची नोटीस आली. तिनं वकील केला आणि जे खरं होतं ते लिहून दिलं.

एके दिवशी शंकरजी दोन माणसांना घेऊन दारात आले. "वो शॉल वापस कर दीजिए."

रेवतीला आधी कळेचना. मग तिनं स्टूल घेऊन माळ्यावरून पिशवी काढली आणि त्यांच्या हातात दिली. "मैंने पहनी नहीं है," ती म्हणाली.

"आपको शर्म नहीं आती?"

"आती है, शंकरजी. जिस दिन आपने पहनाई थी, उस दिन बहुत आई थी."

विनायक आतल्या खोलीत होता. तो महिनाभर तिच्याशी कामापुरतंच बोलत होता. पण त्या दिवशी ती दार लावून आत आली तेव्हा त्यानं चहाचा कप तिच्यापुढे ठेवला आणि समोर बसून राहिला.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात इंद्रजितला जामीन मिळाला. खटला संपला नव्हता. आणखी साक्षीदार होते, तारखा होत्या. शनिवारी दुपारी तो सोसायटीच्या गेटवर आला. वॉचमननं त्याला आत सोडलं नाही, म्हणून रेवती खाली उतरली. लोखंडी फाटकाच्या अलीकडे ती, पलीकडे तो. त्याचे पुढचे दोन दात गेले होते, त्यामुळे बोलणं थोडं बोबडं झालं होतं.

"सलाम, ताई."

"सलाम, पाळकसाहेब."

"खोटं कशाला बोलू," तो म्हणाला. "आत असताना तुमचा फार राग आला. प्रार्थनेत तुमचं नाव घ्यायचं म्हटलं की जीभ वळायची नाही. कितीदा तरी तुमच्या नावापाशी येऊन आमेन म्हणून टाकलं. अजून सगळा गेलाय असंही नाही. पण त्या दिवशी तुम्ही उभ्या राहिलात, ते बघितलं मी."

"मला तुमची माफी..."

"ते होईल हळूहळू. दुसऱ्या कामासाठी आलोय. हॉल गेला आपला, मालक देत नाही. उद्याची उपासना कुठे घ्यायची कळत नाही. मंडळीतले लोक घर द्यायला घाबरतात. आणि का घाबरू नये? तुमच्या ओळखीत एखादी जागा असेल तर..."

रेवतीनं मागे पाहिलं. शंकरजी खुर्चीवर बसून मोबाईलनं त्यांचा व्हिडिओ काढत होते. वर तिसऱ्या-चौथ्या मजल्यांवरच्या बाल्कन्यांतही माणसं होती.

"माझ्याकडे घ्या," ती म्हणाली. आणि मग शंकरजींना नीट ऐकू जावं म्हणून हिंदीत, मोठ्यानं, "कल सुबह दस बजे हमारे घर पर प्रार्थना है. मेहमान आएँगे."

"देखते हैं कैसे आते हैं," शंकरजी मोबाईल खाली न करता म्हणाले.

रात्री विनायकला सांगायची तिला गरज पडली नाही. तो व्हिडिओ त्याच्यापर्यंत आधीच पोचला होता. त्यानं एवढंच विचारलं, "किती जण येतील?"

"तीसातले पाच आले तरी खूप."

दुसऱ्या दिवशी पावणेदहाला इंटरकॉम वाजला. खाली पाहुण्यांना अडवून ठेवलं होतं. रेवती चप्पल शोधू लागली, तोवर विनायक दार उघडून बाहेर पडलाही होता. ती बाल्कनीत आली आणि वरून बघत राहिली. गेटपाशी इंद्रजित, क्षिप्रा आणि आणखी पाच जण उभे होते. त्यांच्याभोवती दहा-बारा माणसांचं कोंडाळं. विनायक त्या कोंडाळ्यात शिरला. वॉचमन रजिस्टर घेऊन उभा होता, पण लिहीत नव्हता. येणाऱ्याचं नाव, फ्लॅट नंबर, काम, असे रकाने असतात त्यात. विनायकनं रजिस्टर त्याच्या हातातून घेतलं, गाडीच्या बॉनेटवर ठेवलं आणि स्वतः लिहायला सुरुवात केली. कुणीतरी त्याला मागून ढकललं. पेन पडलं. त्यानं वाकून उचललं आणि पुन्हा लिहू लागला. सात नावं लिहून झाल्यावर पाहुण्यांना घेऊन तो चालत लिफ्टकडे आला. घरात आला तेव्हा त्याच्या शर्टाची बाही खांद्यापाशी उसवलेली होती आणि चेहरा पांढराफटक पडला होता.

"कामाच्या रकान्यात काय लिहिलंत?" रेवतीनं विचारलं.

"प्रार्थना," तो म्हणाला आणि पाणी प्यायला.

पहिलं गीत सुरू झालं आणि घरातली लाइट गेली. खालच्या मीटरच्या खोलीत कुणीतरी त्यांचं बटण पाडलं होतं. पंखा थांबला. मग दारावर थापा पडायला लागल्या. एक, दोन, आणि नंतर एकसारख्या. पेटी नव्हती, ती ऑगस्टातच मोडली होती. इंद्रजितचा आवाज दात गेल्यामुळे फुटत होता, सुरात लागत नव्हता. बाकीचे घाबरलेले, पुटपुटल्यासारखे गात होते. कादंबरीला शब्द येत नव्हते. ती पुस्तकात बोट ठेवून एकेक ओळ गाठत होती. थापांचा आवाज वाढला तसा विनायक सोफ्यावरून उठला, दाराकडे पाठ करून उभा राहिला आणि मोठ्यानं गायला लागला. तो बेसूर होता, कायमचाच. पण त्याच्या आवाजानं बाकीच्यांचे आवाज चढले.

साडेअकराला पोलीस आले. नावं, पत्ते, धर्म, सगळं लिहून घेतलं. आज कुणी काही लपवलं नाही. पुन्हा असं करायचं असेल तर आधी विचारा, असं बजावलं. घरात प्रार्थना करायला कुणाला विचारायचं, असं इंद्रजितनं अदबीनं विचारलं, तेव्हा ते वही मिटून निघाले.

माणसं निघाली. पोलिसांमुळे खालचं कोंडाळं पांगलं होतं, तरी सगळे एकत्रच उतरायचं ठरलं. क्षिप्रा पूर्ण वेळ दाराजवळ भिंतीला टेकून बसली होती. रेवतीशी ती एक शब्दही बोलली नव्हती. आता चपला घालता घालता तिनं स्वयंपाकघराच्या ओट्याकडे पाहिलं. तिथे दहा कप मांडून ठेवले होते, आणि भांड्यातलं पाणी तसंच गार होतं.

"इंडक्शन आहे ना तुमचं?" तिनं विचारलं.

"हो. लाइट गेली, त्यामुळे चहा राहिलाच."

क्षिप्रानं चपलेचा पट्टा लावला, उभी राहिली. "पुढच्या रविवारी पण घालवतील ते," ती म्हणाली. "मी घरून थर्मासमध्ये घेऊन येईन. तुम्ही नुसते कप धुऊन ठेवा."